दोन खात्यांमधली वहिनी

आमच्या वहिनीची नोकरी काय आहे, हे मला आजवर कुणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. जहाजावर आहे म्हटलं की लोक विचारतात, स्वयंपाकाला का? नाही म्हटलं की विचारतात, मग शास्त्रज्ञ का? या दोन्हींच्या मध्ये एखाद्या बाईला जहाजावर काही काम असू शकतं हे लोकांच्या डोक्यातच शिरत नाही. मग मी वैतागून सांगते, ती ऐकते आणि बोलते. त्यावर लोक हसतात. त्यांना वाटतं, नणंद आहे, टोमणा मारतेय.

पण खरंच, ती तेवढंच करते.

झालं असं, की समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते बघायला सरकारच्या दोन खात्यांनी हातमिळवणी केली. एक संशोधन खातं. त्यांच्याकडे शास्त्रज्ञ, मोजमापाची यंत्रं आणि ढीगभर प्रश्न. दुसरं जहाज खातं. त्यांच्याकडे जहाज, क्रेन, दोर आणि त्या प्रश्नांबद्दल फारसा आदर नसलेली माणसं. करारावर सह्या झाल्या. दोन्ही साहेबांनी हातात हात घेऊन फोटो काढला. तो दोन्ही कार्यालयांत लावलेला आहे, फक्त चौकटीत बसवताना प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचा साहेब थोडा कापला गेलाय.

पहिल्याच सफरीत घोडं अडलं. प्रयोगशाळा जहाजाच्या पोटात, क्रेन वर डेकवर, आणि दोन्हीकडचे वायरलेस संच एकमेकांशी बोलेनात. दोन्ही खात्यांनी आपापले संच उत्तम पारखून घेतले होते, त्यामुळे बदलायचे कुणी हा मानाचा प्रश्न झाला. तो सुटेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून मधल्या मजल्यावरच्या कपाटाएवढ्या खोलीत एक माणूस बसवायचं ठरलं. डाव्या कानाला प्रयोगशाळा, उजव्या कानाला डेक. एकीकडून ऐकायचं, दुसरीकडे सांगायचं. वहिनी तेव्हा जहाज खात्याच्या टेलिफोनवर होती. एका सफरीपुरती म्हणून गेली, ती तिथलीच झाली. सरकारात तात्पुरत्या सोयीइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. दोन्हीकडचे लोक तिला ‘मधली’ म्हणायला लागले.

मी शिवणकाम करते. समुद्राशी माझा संबंध बाल्कनीतून दिसतो तेवढाच. तरी वहिनीच्या तोंडून ऐकून ऐकून मला त्या जहाजाची सगळी भांडणं पाठ झाली होती. तिचं म्हणणं, दोन्ही खात्यांची भाषा एक आहे, हीच खरी अडचण. वेगळी असती तर निदान दुभाष्या तरी नीट नेमला असता. प्रयोगशाळेत कुणी ‘घ्या’ म्हणालं तर त्याचा अर्थ आकडे टिपून घ्या. डेकवर ‘घ्या’ म्हणजे दोर ओढून घ्या. आणि सगळ्यात वाईट शब्द म्हणजे ‘सोडा’. प्रयोगशाळेतल्या मॅडम, म्हणजे त्यांच्या मुख्य शास्त्रज्ञ, दिवसातून शंभर वेळा ‘सोडा’ म्हणायच्या. सोडा, नंतर बघू. सोडा हो, आज नको. आणि डेकवर ‘सोडा’चा अर्थ एकच, विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, ब्रेक काढा आणि दोर मोकळा सोडा.

म्हणून मॅडम ‘सोडा’ म्हणाल्या की वहिनी डेकला सांगायची, ‘राहू द्या’. तिला तसं करायची परवानगी नव्हती. एकदा कुठल्याशा वेगळ्याच शब्दात तिने असाच बदल केला होता, तेव्हा तिला साहेबांनी समोर उभं करून झापलं होतं. ऐकलं तेच बोलायचं, स्वतःचं डोकं घालायचं नाही. वहिनीने मान डोलावली आणि बाकी सगळे शब्द जसेच्या तसे पोचवायला लागली. ‘सोडा’ मात्र बदलतच राहिली. कुणाच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

आता वहिनीचा स्वभाव सांगायला हवा. काळजी करणं हा तिचा जोडधंदा आहे. कुलूप लावलं की ते ओढून बघणार, जिना उतरणार आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघणार. मी कपडा बेतायला घेतला की मागे उभी राहून, ‘मापं नीट घेतलीस ना गं?’ सुरुवातीला मला तिचा फार राग यायचा. पुढे कळलं की तिचा माझ्यावर नाही, स्वतःवर विश्वास नसतो. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, पाहिलं ते बरोबर पाहिलं ना, हे ती मनात सारखं घोळवत असते. दिवसभर दोन कानांत दोन खाती ओरडत असल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

आणि काळजीला खतपाणी घालायला आमचा दादा होताच. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, त्याच जहाजावर. त्याचं काम छोट्या बोटीतलं. समुद्रात सोडलेलं यंत्र वर आलं की जहाजावरून बोट उतरवायची, त्याच्यापर्यंत जायचं आणि क्रेनचा आकडा त्याच्या कडीत अडकवायचा. दादाला त्या बोटीचा कोण अभिमान. घरी चपला कुठे काढल्या हे आठवत नसे, पण त्या बोटीचा एकेक खिळा त्याला ठाऊक होता.

दोन्ही खात्यांनी मिळून बनवलेलं एक पिवळं यंत्र होतं. लांबट, होडीच्या आकाराचं, एकटंच पाण्याखाली जाऊन तळाची चित्रं काढून आणायचं. त्याचं नाव कागदावर भलं मोठं होतं, पण सगळे त्याला जावई म्हणायचे, कारण दोन्हीकडचे लोक हातातली कामं टाकून त्याच्याच मागेपुढे असायचे. त्याला ऊन लागू नये म्हणून कापड, वारा लागू नये म्हणून दुसरं कापड. वहिनी म्हणायची, ‘यांनी माझ्या वडिलांच्या घरी कधी एवढे लाड मागितले नाहीत.’

त्या दिवशी दुपारी जावई वर आला तेव्हा समुद्र फुगलेला होता. दादाने बोट नेली, आकडा अडकवला, विंचने दोर ओढायला सुरुवात केली. जावयाचं नाक पाण्याबाहेर आलं, तोच एका लाटेने त्याला उचलून जहाजाच्या अंगावर आपटलं. मागचं झाकण तडकलं. खाली पडद्यावर ते बघून मॅडम घाबरल्या आणि म्हणाल्या, ‘सोडा, सोडा, आता नको!’ त्यांना म्हणायचं होतं, ओढणं थांबवा.

वहिनीने नेहमीसारखं ‘राहू द्या’ सांगितलं असतं, तर विंच जागच्या जागी थांबला असता आणि दोर ताणलेलाच राहिला असता. वहिनीच्या खोलीला एक गोल खिडकी आहे. त्या क्षणी जहाज कललं आणि त्या खिडकीतून तिला खाली बोट दिसली. ताणलेला दोर दिसला, जावयाची कडी दिसली आणि त्या दोहोंच्या मध्ये दादाचा हात दिसला. लगेच काचेवर पाणी उडालं आणि सगळं पुसलं गेलं.

तिने डेकला सांगितलं, ‘सोडा.’

विंचवाल्याने ब्रेक काढला. दोर सैल पडला, आकडा कडीतून निसटला आणि फुटक्या झाकणाचा जावई दोन्ही खात्यांच्या डोळ्यांदेखत गेला तळाला. दादा बोटीत होता. धडधाकट होता.

हे सगळं वहिनीने मला जहाज परत आल्यावर दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. सांगून झाल्यावरही चादर तशीच धरून उभी राहिली.

‘मग बरंच केलंस की,’ मी म्हणाले. ‘यंत्र काय, दुसरं बनवतील. दादाला दुसरा हात कोण बनवून देणार होतं?’

‘अगं, पण मी घरी आल्या आल्या त्यांना विचारलं ना. म्हटलं, अहो, तुमचा हात अडकला होता ना? तर म्हणाले, छे, कुठे काय!’

‘म्हणजे?’

‘म्हणजे नव्हता अडकला. मला उगाच दिसला.’ ती चादरीकडेच बघत होती. ‘इतक्या माणसांची इतकी वर्षांची मेहनत मी उगाच बुडवली.’

तेव्हापासून वहिनी खंगायला लागली. दोन्ही खात्यांनी मिळून चौकशी लावली होती, विंचवाल्याला घरी बसवलं होतं, मॅडमना रोज उत्तरं द्यावी लागत होती. पण वहिनीला त्या चौकशीची धास्ती नव्हतीच. ती एकाच गोष्टीने पोखरली गेली होती. हात होता की नव्हता?

जेवताना मध्येच घास ठेवून विचारायची, ‘अहो, नक्की ना?’ दादा ताटातून वर न बघता म्हणायचा, ‘किती वेळा सांगू?’ आणि उठून जायचा. एरवी बडबड्या माणूस, पण जहाजाचं नाव निघालं की तोंडाला कुलूप. मला वाटायचं, तो वहिनीवर चिडलाय. जावई बुडाला, बोटीचं काम थांबलं, आता मिरवायचं कशावर? मला त्याचा संताप यायचा. बायको डोळ्यांसमोर झिजतेय आणि याला बोटीचं दुःख!

वहिनीने डोळे तपासून घेतले. मीच सोबत गेले होते. डॉक्टरांनी तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, ‘तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.’ दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. ही बाहेर आली आणि रस्त्यातच म्हणाली, ‘म्हणजे दोष डोळ्यांत नाही. डोक्यात आहे.’ रस्ता ओलांडताना तिने मला विचारलं, गाडी येतेय का? रस्ता रिकामा होता. तिला ते दिसत होतं, पण ती माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय पाऊल टाकेना.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून बजावलं. ‘हे बघ, तुझी बाजू भक्कम आहे. ऐकलं तेच बोलायचं, हा त्यांचाच नियम. मॅडम सोडा म्हणाल्या, तू सोडा म्हणालीस. झालं! यापुढे एक शब्द बोलू नकोस.’

‘आणि विंचवाल्याचं काय?’

‘त्याचं तो बघेल.’

‘आणि मॅडमचं? सगळं त्यांच्या डोक्यावर फुटेल.’

‘वहिनी, तू स्वतःचं बघ ना जरा!’ मी ओरडलेच. ‘नोकरी गेली तर काय करणार आहेस? माझ्याकडे काजं-बटणं करायला बसणार?’

‘तुझ्याकडे नको बाई,’ ती म्हणाली. ‘तू फार ओरडतेस.’ कितीतरी दिवसांनी ती जराशी हसली. मला वाटलं, पटलं हिला.

चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो, म्हणून मी गेले. लांबलचक टेबल, एका बाजूला संशोधनवाले, एका बाजूला जहाजवाले. अध्यक्षसुद्धा दोन, कारण एकाच खात्याचा नेमला तर दुसऱ्याचा रुसवा. पाण्याच्या बाटल्याही दोन प्रकारच्या होत्या. आमच्यासारख्यांसाठी भिंतीला लागून एक बाक होता.

आधी विंचवाल्याला बोलावलं. बिचारा घामाघूम झाला होता. तो म्हणाला, ‘साहेब, खालून सोडा असा हुकूम आजवर कधी आलाच नव्हता. नेहमी राहू द्या म्हणायच्या. पहिल्यांदाच सोडा ऐकलं, तेव्हा वाटलं काहीतरी भयंकर झालंय. मी सोडला.’

मग दादा. जहाज खात्याच्या अध्यक्षांनी विचारलं, ‘आकडा लावताना सगळं नियमाप्रमाणे होतं?’

‘होय साहेब.’

‘तुम्हाला स्वतःला काही धोका?’

‘नाही साहेब.’

दादा बाकावर येऊन बसला, माझ्या शेजारी. त्याच्या अंगाला घामाचा वास येत होता. वहिनी उठून पुढे गेली.

सुरुवात सोपी होती. मॅडम काय म्हणाल्या? सोडा. तुम्ही काय सांगितलंत? सोडा. जहाजवाल्या अध्यक्षांचा चेहरा फुलला. आपल्या खात्याची बाई, नियमाला धरून वागलेली. ‘म्हणजे ऐकलं तेच बोललात. छान. आमच्याकडून एवढंच.’

मी मनात म्हटलं, चला, सुटली.

तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘मला एक विचारायचंय. मी रोज सोडा म्हणते. विंचवाले म्हणतात, त्यांना रोज राहू द्या ऐकू येतं. म्हणजे तुम्ही रोज माझा शब्द सांभाळून घेत होतात. मग त्या दिवशी का नाही?’

मी वहिनीच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात तिला विनवत होते, सांग घाईत राहिलं, सांग गोंधळ झाला.

‘मुद्दामच नाही सांभाळला,’ वहिनी म्हणाली. ‘सोडा म्हटलं की दोर सुटणार हे मला माहीत होतं. मला दोर सुटायलाच हवा होता. दोराखाली माझ्या नवऱ्याचा हात दिसला.’ ती थांबली. ‘दिसला असं वाटलं.’

‘दिसला की वाटलं?’ संशोधनवाले अध्यक्ष पुढे झुकले.

टेबलाची कड वहिनीने दोन्ही हातांनी धरली होती. ‘माहीत नाही साहेब,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी माहीत होतं. आता नाही माहीत.’

‘बाई, तुमचे पती आत्ताच सांगून गेलेत की धोका नव्हता. म्हणजे तुम्ही भासापायी दोन खात्यांचं यंत्र बुडवलंत, असं लिहायचं का आम्ही?’

‘लिहा,’ वहिनी म्हणाली. ‘विंचवाल्याला कामावर घ्या. मॅडमचाही काही दोष नाही.’

माझ्या शेजारी बाक कुरकुरला. दादा उभा राहिला होता. जहाजवाल्या अध्यक्षांनी त्याला हाताने खाली बस म्हणून खूण केली, पण तो बसेना.

‘साहेब, अडकला होता,’ दादा म्हणाला.

‘काय?’

‘हात. उजवा. मनगटापर्यंत दोराखाली होता. अजून एक ओढ बसली असती तर तुटलाच असता. दोर सैल पडला म्हणून काढता आला.’

‘मग मघाशी...’

‘मघाशी खोटं बोललो. घरीही खोटंच बोललो.’ दादाचा आवाज चिरकत होता. ‘दोराखाली हात घालणाऱ्याला बोटीवरून उतरवतात, साहेब. शिकाऊ पोरगंसुद्धा तसा हात घालत नाही, आणि मी घातला. कुणाला कळलं नाही असं मला वाटलं. हिने विचारलं तेव्हा मला वाटलं, अंदाजाने विचारतेय. हिला दिसलं होतं आणि त्यासाठीच हिने दोर सोडायला लावला, हे मला आत्ता कळतंय.’

‘यापुढे बोट मिळणार नाही, हे समजतंय ना तुम्हाला?’

‘समजतंय.’

जहाजवाल्या अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आपला एक माणूस वाचवायला जावं तर दुसरा बुडत होता. मला त्या क्षणी दादाला चांगल्या दोन लगावाव्यात असं वाटत होतं. इतके दिवस ही बाई स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसली होती, रिकामा रस्ता मला विचारून ओलांडत होती, आणि याच्याकडे तिच्यासाठी एक शब्द होता, तो याने बोटीपायी दाबून ठेवला होता.

वहिनी मात्र त्याच्याकडे बघतही नव्हती. कुणी बसायला सांगितलं नव्हतं तरी ती मागची खुर्ची ओढून बसली. नोकरी राहणार की जाणार हे कुणी अजून सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही.

‘तुम्हाला आणखी काही सांगायचंय?’ संशोधनवाल्या अध्यक्षांनी विचारलं.

‘दिसला होता,’ वहिनी म्हणाली. ‘मला बरोबर दिसला होता.’ आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडायला लागली.

मॅडमनी आपली पाण्याची बाटली उघडली आणि तिच्यापुढे सरकवली.